सार्वजनिक संस्था आणि स्वतःचे उत्पन्न

मार्चअखेर जवळ आली की गावोगावच्या सार्वजनिक संस्थांच्या कचेऱ्यांतून एकच विवंचना आढळते. वर्षाचा बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो, अनुदानाचा हप्ता अद्याप यावयाचा असतो आणि त्याच त्या देणगीदारांकडे पुन्हा पावतीपुस्तक घेऊन जाणे कार्यवाहांना संकोचाचे वाटत असते. बालवाडीच्या सेविकेचे मानधन थकते, वसतिगृहाला माल पुरविणारा दुकानदार उधारी बंद करतो. चांगले चाललेले कार्य मोडते ते पुष्कळदा कार्यकर्त्यांची तळमळ कमी पडल्यामुळे नव्हे, तर अशा दोन-तीन महिन्यांच्या अडचणीतून निभावून नेण्याइतकी पुंजी गाठीशी नसल्यामुळे. संस्थेला स्वतःचे, थोडे का होईना, पण खात्रीचे उत्पन्न असावे हा विचार या अनुभवातूनच पुढे येतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यांच्या वसतिगृहांतून सर्व जातींची मुले एकत्र राहत, शेतात राबत, स्वयंपाकाला हात लावीत आणि आपल्या शिक्षणाचा भार अंशतः आपणच उचलीत. पुढे ‘कमवा आणि शिका’ या नावाने ही पद्धत सर्वतोमुखी झाली. तिचे मोल कसोटीच्या वेळी कळले. १९४८ मध्ये, भाऊरावांनी सरकारवर केलेल्या जाहीर टीकेनंतर, तत्कालीन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. ते नंतर पूर्ववत सुरू झाले. परंतु मधल्या काळात संस्था तगली ती लोकांच्या साहाय्यावर आणि श्रमाच्या सवयीवर.

आनंदवनाचे उदाहरण याहून बोलके आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ सरकारकडून मिळालेल्या ५० एकर खडकाळ जमिनीवर वस्ती केली. त्या वेळी सोबत पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि हाती १४ रुपये होते. पहिले काम विहीर खणण्याचे. बोटे झडलेल्या हातांनी जमीन साफ केली, धान्य व भाजीपाला पिकविला. पीक आले, पण गिऱ्हाईक येईना. महारोग्यांनी पिकविलेली भाजी घरात न्यावयास लोक धजेनात. परदेशांतून आलेले स्वयंसेवक रुग्णांबरोबर राहून इमारती बांधू लागले, त्यांच्या पंक्तीला जेवू लागले, तेव्हा कोठे आसपासच्या लोकांची भीती ओसरली आणि आनंदवनाच्या मालाला बाजार मिळाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. भाजी विकून मिळालेला पैसा महत्त्वाचा होताच. परंतु ज्याच्या हातचे पाणीही कोणी घेत नव्हते, त्या माणसाने पिकविलेला माल रोख पैसे देऊन विकत घेतला गेला, हे संस्थेचे मूळ कार्यच होते. उत्पन्नाचा उद्योग आणि सेवेचा उद्देश या ठिकाणी वेगळे काढता येत नाहीत. पुढे आनंदवनात हातमाग, सुतारकाम, पादत्राणे, छपाई असे अनेक उद्योग वाढले ते याच वाटेने. देणग्यांची गरज मात्र त्यामुळे संपली नाही. स्वतःच्या उत्पन्नाने देणगी व अनुदान यांची जागा घ्यावी अशी अपेक्षा धरणे चुकीचे ठरेल. त्यांना विलंब झाला असता संस्था उभी राहावी, एवढेच त्याचे काम.

उद्योग निवडताना बहुतेक संस्था येथेच घसरतात. शेजारच्या गावात मसाल्याचा उद्योग चालला म्हणून आपणही तोच काढावयाचा, असा प्रकार सर्रास दिसतो. हिशेबाची चूक तर याहून खोल असते. समजा, एका महिला मंडळाला १,२०,००० रुपये किमतीचे मसाला दळण्याचे यंत्र देणगीदाखल मिळाले. कच्चा माल, वीज व मजुरी वजा जाता वर्षाला १८,००० रुपये उरतात आणि ते बालवाडीवर खर्च होतात. सर्वांना समाधान वाटते. परंतु यंत्र दहा वर्षे टिकणारे असेल तर वर्षाला १२,००० रुपये घसाऱ्यापोटी बाजूला पडावयास हवेत. ज्या खोलीत यंत्र आहे ती नुसती भाड्याने दिली असती तरी महिना ५०० प्रमाणे ६,००० रुपये आलेच असते. म्हणजे खरी शिल्लक शून्य. दहाव्या वर्षी यंत्र बंद पडते आणि त्याबरोबर बालवाडीही. संस्थांच्या ताळेबंदात घसारा लिहिलेला असतो. तेवढी रक्कम बँकेत पडलेली मात्र क्वचितच आढळते.

अर्थात त्या यंत्रावर दहा स्त्रियांना मजुरी मिळाली असेल तर उद्योग वाया गेला असे नव्हे. रोजगार हेच त्याचे फळ मानावे. बालवाडी त्याच्या भरवशावर ठेवू नये.

जागा, सभागृह किंवा शेतजमीन भाड्याने देणे हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो, आणि अनेक ठिकाणी तो आहेही. मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ अन्वये शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची असल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी आवश्यक आहे. रस्त्याकडेचे गाळे ओळखीच्या माणसास दीर्घ मुदतीने देऊन बसलेल्या संस्थांना पुढे हे प्रकरण फार महागात पडते.

आयकराच्या सवलतीसाठी उद्योग हा संस्थेच्या उद्दिष्टांना अनुषंगिक असावा लागतो आणि त्याचे हिशेब स्वतंत्र ठेवावे लागतात. शिक्षण, वैद्यकीय साहाय्य, गरिबांना मदत यांसारख्या कार्यांखेरीज सर्वसाधारण लोकोपयोगी कार्य करणाऱ्या संस्थांच्या बाबतीत व्यापारी स्वरूपाची जमा वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक होता कामा नये. उद्योगाची वही निराळी आणि बँकेतील खातेही निराळे असले म्हणजे लेखापरीक्षणाच्या वेळी धावपळ होत नाही. शिवाय उद्योग तोट्यात जात असल्यास ते कार्यकारी मंडळाला वेळीच दिसते.

राखीव निधीचे गणितही वाटते तितके अवघड नाही. करसवलत घेणाऱ्या संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी खर्च करावयाची असते. उरलेले १५ टक्के मागे टाकण्यास मुभा असते. तीन महिन्यांचा खर्च म्हणजे वर्षाच्या खर्चाचा चौथा हिस्सा. ही मुभा पुरेपूर वापरता आली तर दोन वर्षांत तेवढी रक्कम उभी राहते. न आली तर चार-पाच वर्षे लागतात. तो निधी कोणत्या प्रसंगी काढावयाचा आणि अनुदान हाती येताच किती दिवसांत परत भरावयाचा, याचा ठराव कार्यकारी मंडळाने पहिली रक्कम जमा करण्यापूर्वीच इतिवृत्तात नोंदवून ठेवावा.