घरच्या मैदानाचे मोजमाप

जानेवारी २०१० मध्ये म्हैसूरच्या गंगोत्री ग्लेड्स मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. यजमान कर्नाटकाला मुंबईविरुद्ध विजयासाठी ३३८ धावा हव्या होत्या. मनीष पांडे याने १४४ धावा काढल्या. प्रेक्षकही यजमानांच्याच बाजूचे होते. तथापि कर्नाटकाचा डाव ३३१ धावांवर आटोपला आणि मुंबईने अवघ्या ६ धावांनी करंडक जिंकला. मग घरच्या मैदानाचा कर्नाटकाला काहीच लाभ झाला नाही, असे म्हणावे काय?

असे म्हणणे घाईचे ठरेल. कोणत्याही निकालात संघांच्या बळातील तफावत आणि मैदानाचा प्रभाव या दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. हाच सामना मुंबईत झाला असता, तर कर्नाटक कदाचित ६० धावांनी हरले असते. एकाच सामन्यावरून या दोहोंची फोड करता येत नाही.

ती कशी करावी, हे बास्केटबॉलच्या उदाहरणावरून सहज समजेल. अमेरिकेतील महाविद्यालयीन संघ गटवार खेळतात आणि एकाच गटातील अनेक संघ परस्परांशी दोनदा, आळीपाळीने एकमेकांच्या मैदानावर खेळतात. समजा, ‘अ’ संघाने ‘ब’ला स्वतःच्या मैदानावर ९ गुणांनी हरवले, परंतु ‘ब’च्या मैदानावर तो ३ गुणांनी हरला. जागा बदलताच १२ गुणांचा फरक पडला. पहिल्या वेळी मैदान ‘अ’ला अनुकूल होते, दुसऱ्या वेळी ‘ब’ला; म्हणून या फरकाचा निम्मा भाग, म्हणजे ६ गुण, हे मैदानाचे माप होय. पहिल्या विजयातील उरलेले ३ गुण ‘अ’च्या सरस खेळाचे.

एका जोडीत योगायोगाचाही वाटा असतो. म्हणून अशा शेकडो जोड्यांची सरासरी घ्यावी लागते. महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये हे माप सर्वसाधारणपणे ३ ते ४ गुण भरत आले आहे. याउलट, केवळ घरचे विजय मोजल्यास फसगत होते. मोसमाच्या आरंभी बलाढ्य महाविद्यालये दुबळ्या संघांना मोबदला देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. ते विजय मैदानाचे नसून बळाचे असतात.

हा लाभ येतो कोठून? प्रवासाचा शीण, जागेची सवय आणि प्रेक्षक ही कारणे सांगितली जातात. २०२० च्या महासाथीत जर्मनीतील फुटबॉल सामने रिकाम्या प्रेक्षागारांत झाले, तेव्हा यजमानांच्या विजयांचे प्रमाण घटले आणि पाहुण्यांना दाखविली जाणारी पिवळी कार्डेही तुलनेने कमी झाली. गर्दीचा दाब पंचांवरही पडतो, असे यावरून दिसते.

रणजी स्पर्धेत दोन संघांची गाठ एका मोसमात बहुधा एकदाच पडते. शिवाय खेळपट्टी आणि नाणेफेक यांचाही परिणाम होतो. त्यामुळे म्हैसूरच्या त्या ६ धावांवरून करंडक कोणाचा हे ठरले. घरच्या मैदानाने कर्नाटकाला किती हात दिला, हे त्यांवरून ठरत नाही.