गर्भपिशवीचा आकार वेगळा निघाला तर?

पुणे : सोनोग्राफीच्या कागदावर ‘बायकॉर्न्युएट’ शब्द दिसला की घरात धास्ती पसरते. अर्थ इतकाच, की गर्भपिशवी वरून दोन शिंगांची, बदामाच्या आकाराची आहे.

मुलगी आईच्या पोटात असतानाच दोन नळ्या जुळून तिची गर्भपिशवी तयार होते. जुळणी अर्धवट राहिली तर दोन शिंगं. जुळून मधली भिंत विरली नाही तर पडदा. एकच नळी वाढली तर अर्धीच पिशवी. कधी एक किडनीही नसते, तीही बघून घ्यावी. खाण्यापिण्याचा, कामाचा यात दोष नाही. सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पिशवीच तयार न होणं हे याचं टोक. मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर हॉस्पिटलमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकानं अशा तरुणीला तिच्या आईची पिशवी बसवली. देशातलं ते पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण. लगेच दुसरंही झालं, आणि त्या दुसऱ्या महिलेला १८ ऑक्टोबर २०१८ रोजी मुलगी झाली. आई जिथं वाढली त्याच पिशवीत लेक!

आकार वेगळा असला तरी दिवस राहतात, बाळंतपणही होतं. पण जागा अपुरी, म्हणून गर्भपात, वेळेआधी प्रसूती, बाळ पायाळू असणं याची भीती जास्त. पडद्यामुळं वारंवार गर्भपात होत असतील तर तो दुर्बिणीनं कापता येतो, पोट फाडावं लागत नाही. दोन शिंगांना सहसा ऑपरेशन लागत नाही. तपासण्या मात्र चुकवू नयेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात त्या मोफत होतात. सातव्या-आठव्या महिन्यातच कळा आल्या किंवा पाणी गेलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन लावावा.