पोलादाचा उजेड, फिल्मवरचा अंधार

वितळलेलं पोलाद भट्टीतून ओततात तेव्हा डोळे दिपतात. मग तिथला फोटो काळाठिक्कर कसा येईल? पण १९२७-२८च्या हिवाळ्यात, क्लीव्हलँडच्या ओटिस स्टील कारखान्यात, छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्या फिल्मवर सुरुवातीला जवळजवळ अंधारच उमटला.

त्या फिल्मला निळा आणि हिरवा प्रकाश कळे. लाल कळतच नसे. (म्हणून तर ती डार्करूमच्या लाल दिव्यात बिनधास्त हाताळता येई.) सुमारे १,६०० अंश सेल्सिअसच्या पोलादातून जो उजेड बाहेर पडतो, त्यात लाल-नारिंगीचा वाटा मोठा, निळ्याचा अगदी थोडा. जवळ उभ्या माणसाला भाजून काढणारी ती धग फिल्मच्या लेखी नव्हतीच! डोळा आणि फिल्म एकाच वस्तूकडे बघतात, आणि दोघांना वेगळंच जग दिसतं.

उपाय सापडला तो सिनेमावाल्यांच्या सामानात. गावातून जाणाऱ्या एका विक्रेत्याकडे मॅग्नेशियमच्या मोठ्या मशाली होत्या. मॅग्नेशियम लख्ख पांढरं जळतं आणि त्याच्या उजेडात निळा भरपूर असतो. मशाली पेटल्या आणि यंत्रांचे अवाढव्य आकार, वाफ, उडत्या ठिणग्या असं सगळं काचेसमोर उभं राहिलं. पोलादाचा तो दिमाख दिसला तो उसन्या उजेडात. याच चित्रांमुळे हेन्री लूस यांनी त्यांना आपल्या नव्या ‘फॉर्च्युन’ मासिकासाठी बोलावून घेतलं.

या चित्रांत यंत्र मोठं आणि कामगार मुंगीएवढा. लुईस हाइन यांच्या १९२०च्या सुप्रसिद्ध फोटोत नेमकं उलट आहे: पाना हातात घेऊन वाफेच्या पंपावर वाकलेला मेकॅनिक, त्याच्या पाठीची कमान यंत्राच्या वर्तुळात चपखल बसलेली. हाइन यांनी त्याला मुद्दाम तसं उभं केलं होतं. तरी श्रमाचं सौंदर्य मला तिथेच जास्त भेटतं, कारण तिथे स्नायू दिसतात.

बर्क-व्हाइट १९४६ साली गांधीजींचा फोटो घ्यायला पुण्यात आल्या. आधी सूत कातायला शिका, मगच कॅमेरा, अशी अट पडली. त्या शिकल्या. फ्लॅशचे बल्ब मिळाले तीनच; पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने साथ दिली. त्या चित्रातही चरखाच पुढे आहे, मोठा, आणि गांधीजी त्याच्यामागे वाचत बसले आहेत.