क्रूझ जहाजावर शांत केबिनची निवड

परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. गंगाखेड तालुक्यातून वाहणारी गोदावरीही समुद्राला मिळते ती पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराला. या भागातील एखादे कुटुंब मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचे आरक्षण करते, तेव्हा त्याच्यासमोर केबिनची छायाचित्रे आणि दरपत्रक एवढेच असते. छायाचित्रात पलंग, पडदा आणि खिडकी दिसते. केबिनच्या वर काय आहे, खाली काय आहे आणि जहाजाच्या मध्यापासून ती किती लांब आहे, हे त्यात दिसत नाही. रात्रीची झोप मात्र बहुतांशी याच तीन गोष्टींवर अवलंबून असते.

मुंबई-गोवा मार्ग

हा समुद्रमार्ग मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटींनी कित्येक पिढ्यांना रत्नागिरी, वेंगुर्ले आणि पणजीला पोहोचवले. त्या बोटी दळणवळणासाठी होत्या. केवळ सहलीसाठी समुद्रावर रात्र काढण्याची सोय अलीकडची. ऑक्टोबर २०१८ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव घेतलेली ‘आंग्रिया’ ही क्रूझ बोट या मार्गावर आली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे बरेच मोठे जहाज मुंबईहून फिरू लागले. ते १९९० साली फ्रान्समधील सेंट नझेर येथे बांधले गेले. त्याची लांबी सुमारे २११ मीटर असून स्थूल टनेज ४८ हजारांहून अधिक आहे. स्थूल टनेज हे जहाजाच्या वजनाचे नव्हे, तर बंदिस्त आकारमानाचे माप असते. इतक्या मोठ्या जहाजात दोन केबिनींचा दर एकच असूनही एकीत शांतता आणि दुसरीत रात्रभर खडखडाट, असे सहज घडू शकते.

केबिनचे प्रकार

ढोबळ मानाने चार प्रकार असतात. आतील केबिनला खिडकी नसते. समुद्रदर्शनी केबिनला बंद काचेची खिडकी असते. तिसरा प्रकार बाल्कनीचा आणि चौथा सूटचा. दर याच क्रमाने वाढतो. शांतता मात्र या क्रमाने वाढत नाही. आतील केबिन पूर्ण अंधारी असते आणि वारा, लाटा व शेजारच्या बाल्कनीतील गप्पा यांपासून दूर असते. त्यामुळे झोपेच्या दृष्टीने ती अनेकदा महाग केबिनींपेक्षा सरस ठरते. तिची उणीव वेगळी आहे. बोट लागली, म्हणजे मळमळ सुरू झाली, तर क्षितिजाकडे पाहण्याची सोय आत नसते.

हेलकाव्यांचे गणित

जहाज समुद्रावर अनेक प्रकारे हलते. त्यांपैकी दोन हालचाली केबिनच्या निवडीत महत्त्वाच्या आहेत. पहिलीत जहाज डावी-उजवीकडे कलते. दुसरीत पुढचे टोक वर जाते तेव्हा मागचे खाली येते, आणि लगेच उलटे घडते. दोन्ही हालचाली जहाजाच्या मध्याजवळच्या अक्षांभोवती होतात. म्हणून मध्यापासून अंतर जितके जास्त, तितका हेलकावा मोठा. २०० मीटरहून लांब जहाज पुढे-मागे केवळ १ अंशाने झुलले, तरी मध्यापासून १०० मीटरवरील टोक सुमारे पावणेदोन मीटर वर-खाली होते. त्याच क्षणी मध्यापासून १० मीटरवरील केबिन जेमतेम १७ सेंटिमीटर हलते. एसटीत मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या शेवटच्या बाकावर सर्वांत जास्त धक्के बसतात, त्यामागेही हेच भूमितीचे कारण आहे.

डावी-उजवीकडे कलण्यात उंची मोजावी लागते. २ अंशांच्या कलाने अक्षापासून २० मीटर उंचीवरची केबिन सुमारे ७० सेंटिमीटर बाजूला सरकते. ही हालचाल कमी करण्यासाठी मोठ्या जहाजांना पाण्याखाली स्टॅबिलायझर, म्हणजे दोन्ही बाजूंना फिरणारे पंख असतात. वाहत्या पाण्याच्या दाबावर ते काम करतात, म्हणून जहाज वेगात असताना त्यांचा परिणाम चांगला होतो. पुढे-मागे झुलणे मात्र ते थांबवू शकत नाहीत. त्यामुळे चौथ्या डेकऐवजी सहाव्या डेकवरची केबिन मिळाली तर ते चालण्यासारखे आहे. मध्याऐवजी पुढच्या टोकाची केबिन स्वीकारणे महागात पडते.

बोट का लागते

कानाच्या आतील भागात शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. केबिनच्या भिंती डोळ्यांना स्थिर दिसतात आणि कान मात्र हालचाल नोंदवत राहतो. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. सुमारे पाच-सहा सेकंदांत एकदा होणारी संथ वर-खाली हालचाल सर्वांत त्रासदायक असते. गाडी लागण्याचा त्रास ज्यांना आहे, त्यांच्यासाठी मध्यभागाचे महत्त्व त्यामुळे दुपटीने वाढते.

आवाजाचे मार्ग

जहाज पोलादाचे असते आणि पोलादातून कंपने दूरवर जातात. घरातला आवाज प्रामुख्याने हवेतून येतो. जहाजावर तो जमिनीतून, छतातून आणि पलंगाच्या पायांतूनही येतो. जाड दार किंवा चांगला पडदा त्यावर पुरा पडत नाही. उगमापासून अंतर राखणे हाच खरा उपाय.

उगम निश्चित असतात. यंत्रघर खालच्या भागात आणि जहाज पुढे ढकलणारे पंखे मागच्या टोकाखाली असतात. म्हणून खालच्या डेकवरील मागच्या केबिनींत अखंड थरथर जाणवते. पुढच्या टोकाला पाण्याखाली आडव्या बोगद्यात बसवलेले थ्रस्टर असतात. धक्क्याला लागताना जहाज बाजूला ढकलण्यासाठी ते चालवतात. जहाज बंदरात बहुधा पहाटे किंवा सकाळी शिरते, त्यामुळे खालच्या पुढच्या केबिनींतील झोप त्याच वेळी मोडते. नांगराची साखळीही याच भागात असते.

वरच्या बाजूचे उगम माणसांनी निर्माण केलेले. पोहण्याच्या तलावाचा डेक हा त्यांतील सर्वांत फसवा. त्याच्या नेमक्या खालची केबिन उंचावर असल्याने महाग असते, पण उजाडायच्या आधीच कर्मचारी खुर्च्या ओढून रांगेत लावू लागतात आणि प्रत्येक खुर्चीचे पाय खालच्या छतावर खरवडल्यासारखे ऐकू येतात. स्वयंपाकघराच्या खाली भांड्यांचा व ढकलगाड्यांचा आवाज, नाट्यगृहाच्या किंवा डिस्कोच्या वर मध्यरात्र उलटेपर्यंत ढोलाचे ठोके.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची जहाजावरील आवाजाविषयीची संहिता जुलै २०१४ पासून लागू आहे. १० हजार टनेज किंवा त्याहून मोठ्या नव्या जहाजांत कर्मचाऱ्यांच्या केबिनींसाठी तिने ५५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ही संहिता प्रामुख्याने जहाजावर काम करणाऱ्यांच्या आरोग्यासाठी आहे. प्रवाशाच्या झोपेची हमी तिच्यात शोधू नये.

नकाशा उभा वाचणे

कंपन्या प्रत्येक डेकचा नकाशा प्रसिद्ध करतात. बहुतेक जण आपल्या केबिनीचा डेक तेवढा पाहतात. उपयोगी पद्धत अशी, की वरच्या आणि खालच्या डेकचेही नकाशे जवळ ठेवावेत आणि तीच जागा तिन्हींवर शोधावी. वर केबिनी, खाली केबिनी, दोन्ही बाजूंनाही केबिनी, अशी जागा सर्वांत शांत. नकाशावर काहीही न लिहिलेला पांढरा किंवा करडा चौकोन दिसल्यास सावध राहावे; ती कर्मचाऱ्यांची खोली, सामानाची लिफ्ट किंवा भांडारघर असू शकते. दोन केबिनींमध्ये छोटे चिन्ह असेल तर मध्ये जोडदार, म्हणजे एकीतून दुसरीत जाण्याचे दार आहे. मोठ्या कुटुंबाला ते सोयीचे असते, पण अनोळखी शेजाऱ्यांचे बोलणे त्यातून सहज ऐकू येते.

येथे एक खरी अडचण उभी राहते. हेलकाव्यांसाठी मध्यभाग उत्तम, पण लिफ्ट, मुख्य जिना आणि अनेक मजले उंच असलेले दालनही बहुधा मध्यभागीच असते. यावर तडजोड म्हणजे मध्यभागातीलच, पण लिफ्टपासून पाच-सहा दारे पुढे किंवा मागे असलेली केबिन. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना एवढे चालणे जड जात नाही आणि लिफ्टसमोरच्या गप्पाही तेथवर पोहोचत नाहीत.

डावी आणि उजवी बाजू

मुंबईहून दक्षिणेकडे निघताना पुढे तोंड केल्यास किनारा डावीकडे आणि मोकळा समुद्र उजवीकडे असतो. बंदरातून बाहेर पडताना उजवीकडे कुलाब्यापलीकडचा प्राँग्ज दीपस्तंभ आणि डावीकडे थळसमोरची खांदेरी-उंदेरी बेटे येतात. सूर्यास्त उजव्या बाजूने दिसतो. परतीच्या प्रवासात हे सारे उलटते. रात्री कोणत्याही बाजूला काळोखच असतो, म्हणून दोन रात्रींच्या सहलीत बाजूसाठी फार जीव टाकू नये. काही खिडक्यांसमोर जीवनरक्षक नौका टांगलेल्या असतात. अशा केबिनींची नोंद ‘अंशतः झाकलेले दृश्य’ अशी केलेली असते आणि त्या स्वस्त मिळतात.

ऋतू

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माशांच्या प्रजननाइतकेच खवळलेला समुद्र हेही त्यामागचे कारण आहे. ‘एम्प्रेस’नेही जून २०२२ मध्ये मुंबई सोडून चेन्नईहून फेऱ्या केल्या. हिवाळ्यात कोकणासमोरचा समुद्र बहुधा शांत असतो आणि तेव्हा टोकाची केबिनही फारसा त्रास देत नाही. पावसाळ्याच्या आगेमागे निघणाऱ्यांनी मध्यभागाचा आग्रह सोडू नये.

आरक्षण

सर्वांत कमी दरात अनेकदा केबिनीचा फक्त प्रकार मिळतो. क्रमांक कंपनी नंतर ठरवते, आणि शिल्लक राहिलेल्या जागा बहुधा तलावाखालच्या, टोकाच्या किंवा जोडदाराच्या असतात. क्रमांक स्वतः निवडायचा तर थोडे अधिक पैसे मोजावे लागतात. परभणीहून रात्रभर रेल्वेने येऊन त्याच दिवशी जहाजावर चढणाऱ्या कुटुंबाची आदल्या रात्रीची झोपही अर्धवट झालेली असते. अशा पहिल्या प्रवासासाठी बाल्कनीवर खर्च करण्यापेक्षा मधल्या डेकवरील, मध्यभागातील साध्या केबिनीचा क्रमांक निवडण्यावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे.