सौंसरचे मँगनीज आणि दाताची छटा

ज्या खडकसमूहास भूशास्त्रज्ञांनी मध्य प्रदेशातील सौंसर गावाचेच नाव बहाल केले, त्यातील मँगनीज पोलादासाठी विख्यात असले, तरी त्याच धातूचे ऑक्साइड अत्यल्प प्रमाणात मिसळले असता कृत्रिम दाताच्या चिनीमातीस जांभळट झाक येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तथापि केवळ रंग जुळून भागत नाही; नैसर्गिक दात प्रकाशास आत शिरू देतो, त्यास विखुरतो आणि अतिनील किरणांत निळसर उजळतो, तर ज्याचा अपवर्तनांक २च्याही वर आहे त्या, कृत्रिम दातांत वापरल्या जाणाऱ्या झिर्कोनियाचा जाड, अपारदर्शक थर खडूसारखा मख्ख दिसतो. दवाखान्यातील ट्यूबलाइटखाली बेमालूम ठरलेला दात पांढुर्ण्याच्या संत्राबागेत भर उन्हात परका वाटू शकतो. सबब दाताचा रंग ताडून पाहण्याची छटापट्टी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात आणि दात ओला असतानाच धरावी, कारण वाळलेला दात अधिक पांढरा भासून दंतवैद्याचीही फसगत करतो.