मालमोटारीचें कर्ज व सरकारची हमी

अहिल्यानगर जिल्ह्यांतील मालमोटारींचा धंदा बव्हंशीं शेतमालाच्या आधारानें चालतो. प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला पाऊण शतक लोटलें. पुढें कोपरगांव, संगमनेर, राहुरी, श्रीगोंदें येथेंहि कारखाने निघाले. ऊस, कांद्याच्या गोणी, डाळिंबाच्या पेट्या वाहणाऱ्या गाड्यांपैकीं पुष्कळशा लहान मालकांच्या असतात. ज्यानें क्लीनर म्हणून प्रारंभ केला व पुढें दुसऱ्याची गाडी हांकली, त्याला आज ना उद्यां स्वतःची गाडी घ्यावीशी वाटतेच. आणि तेथें तारणाचा प्रश्न आडवा येतो.

याच अडचणीसाठीं ८ एप्रिल २०१५ रोजीं मुद्रा योजना निघाली. तींत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ व १० लाखांपर्यंत ‘तरुण’ अशा पायऱ्या आहेत. ‘तरुण’ कर्ज फेडणाऱ्यास २०२४ पासून २० लाखांपर्यंतची चौथी पायरीहि मोकळी झाली. घरजमीन गहाण द्यावी लागत नाहीं. घेतलेली गाडी मात्र बँकेकडे तारण राहते. अनेक गाड्यांच्या व्यवसायास याहून मोठी रक्कम लागते. त्यासाठीं केंद्र सरकार व सिडबी यांनीं २००० सालीं स्थापिलेला हमी-निधि आहे.

‘हमी’ हा शब्द ऐकण्यास गोड, परंतु त्यानेंच पुष्कळांचा घात होतो. कर्ज सरकार देत नाहीं, बँक देते. आणि हमीहि बँकेलाच असते. कर्ज बुडाल्यास बँकेच्या तोट्याचा कांहीं भाग निधि भरून देतो. ऋणको त्यामुळें सुटत नाहीं. गाडी ओढून नेली जाते, बाकी रकमेचा तगादा राहतो, आणि पतीच्या नोंदींत लागलेला डाग पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळीं समोर येतो. शिवाय हमीचें वार्षिक शुल्क बहुधा कर्जदाराकडूनच घेतलें जातें.

आतां हप्त्याचा हिशेब पाहावा. समजा, १० लाखांचें कर्ज, व्याज दरसाल ११ टक्के, मुदत ५ वर्षें. महिन्याचा हप्ता सुमारें २१,७४० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ६१ हजारांजवळ. गाडी केवळ उसाच्या पांच महिन्यांवर अवलंबून असेल, तर त्या प्रत्येक महिन्यांत हप्त्यापोटींच ५२ हजार बाजूला पडले पाहिजेत. डिझेल, टायर, विमा, चालकाचा पगार हे निराळेच. गळीत संपतें, हप्ता संपत नाहीं. म्हणून हंगामाप्रमाणें हप्ते बांधून देण्याची विनंती अर्जाबरोबरच करावी आणि उन्हाळ्यांतील कांद्याच्या भाड्याची बोलणी आधींच करून ठेवावी. गाडी दारांत उभी राहिल्यावर ही विनंती करणें व्यर्थ होय.

कर्ज फिटलें तरी एक काम उरतें. गाडीच्या नोंदणीपुस्तकांत धनकोचें नांव असतें. बँकेचा ना-हरकत दाखला घेऊन तें नगर वा श्रीरामपूर येथील परिवहन कार्यालयांतून काढून घ्यावें लागतें. एरवीं गाडी विकावयास काढली म्हणजे गिऱ्हाइक तो कागद पाहून परत जातें.