कालश्रेणींचे जतन आणि टाइमस्केलडीबी

कालानुक्रमाने नोंदविलेल्या मापनांच्या मालिकेस कालश्रेणी म्हणतात. नदीची पातळी, हवेचे तापमान, विजेचा वापर यांच्या नोंदी या प्रकारात मोडतात. अशा नोंदी बहुधा मालिकेच्या शेवटी येऊन मिळतात व एकदा लिहिल्यावर त्यांत क्वचितच बदल होतो. त्यांची संख्या मात्र झपाट्याने वाढते. शंभर उपकरणांनी दर 10 सेकंदांस एकेक नोंद केल्यास दिवसाला 8,64,000, तर वर्षाला 31 कोटी 53 लाख 60 हजार नोंदी जमतात.

ई. एफ. कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या रिलेशनल सिद्धांतानुसार माहिती तक्त्यांच्या रूपाने ठेविली जाते. तक्ता फार वाढला म्हणजे त्याची अनुक्रमणिका संगणकाच्या मुख्य स्मृतीत मावेनाशी होते, वारंवार डिस्ककडे जावे लागते आणि लेखन मंदावते. कालश्रेणींसाठी निराळा डेटाबेस वापरल्यास ही अडचण टळते. परंतु मापने एकीकडे आणि उपकरणांची माहिती दुसरीकडे, अशी फारकत होते. 2017 साली प्रसिद्ध झालेले टाइमस्केलडीबी हे पोस्टग्रेएसक्यूएल या रिलेशनल डेटाबेसचे विस्तारक ही फारकत टाळण्याचा प्रयत्न करते.

त्याचे मूलतत्त्व विभाजन हे होय. वापरणाऱ्यास एकच तक्ता दिसतो. त्यास हायपरटेबल हे नाव आहे. प्रत्यक्षात तो कालखंडांनुसार अनेक लहान तक्त्यांत विभागलेला असतो. एका खंडाची मुदत, निराळी न ठरविल्यास, 7 दिवसांची असते. नव्या नोंदी अखेरच्या खंडात पडत असल्याने केवळ त्याची अनुक्रमणिका स्मृतीत राहिली तरी पुरते. एका आठवड्याविषयी प्रश्न विचारल्यास इतर खंड उघडावेच लागत नाहीत. या सोयीचे मोलही द्यावे लागते : नोंदीच्या एकमेवत्वाचा नियम घालताना त्यात कालाचा स्तंभ समाविष्ट करणे अनिवार्य ठरते.

जुने खंड स्तंभवार रचून संक्षिप्त करता येतात. दर 10 सेकंदांच्या नोंदींत लगतच्या वेळांमधील अंतर सदैव 10 असते. त्या अंतरांमधील फरक शून्य होय. शून्यांची अशी रांग अत्यल्प जागेत मावते.

यानंतरचा प्रश्न सारांशाचा. तासागणिक सरासरी आपोआप काढून ठेवण्याची व्यवस्था टाइमस्केलडीबीत आहे आणि मूळ नोंदी बदललेल्या भागापुरतीच ती नव्याने गणना करते. तथापि सरासरींची सरासरी ही खरी सरासरी नव्हे. एका तासात 360 नोंदींची सरासरी 20 अंश आणि पुढील तासात, उपकरण मध्येच बंद पडल्याने, 60 नोंदींची सरासरी 34 अंश आली, तर दोहोंची साधी सरासरी 27 भरते. खरी सरासरी 22 आहे. यास्तव सारांशात बेरीज व संख्या ही दोन्ही ठेवावीत. तसेच, नदीची पातळी 50 मिनिटे 2 मीटर व 10 मिनिटे 5 मीटर राहिल्यास तासाची सरासरी 2.5 मीटर येते आणि पूर त्यात दिसतच नाही. म्हणून कमाल मूल्यही नोंदविणे अवश्य आहे.

ही दक्षता महत्त्वाची ठरते, ती मूळ नोंदी काढून टाकण्याच्या वेळी. मुदत संपलेला खंड संपूर्णच्या संपूर्ण काढणे हे एकेक नोंद पुसण्यापेक्षा कितीतरी जलद होते. परंतु काढलेल्या कालखंडाचा सारांश पुन्हा गणनेत घेतला गेल्यास मूळ नोंदींच्या अभावी तो सारांशही नाहीसा होतो. म्हणून पुनर्गणनेची मर्यादा जतनाच्या मुदतीच्या आतच ठेवावी लागते.

सारांश, वेग आणि जागा यांचा प्रश्न हे विस्तारक बऱ्याच अंशी सोडविते. कोणते मापन किती काळ मूळ स्वरूपात राखावे, हा निर्णय मात्र संशोधकाचाच राहतो. आणि जे प्रश्न अद्याप विचारले गेलेले नाहीत त्यांची उत्तरे मूळ नोंदींतच असतात, हे ध्यानी घेऊन तो व्हावयास हवा.